ड्राय बाल्कनीतली मांडणी : एका ओल्या फडक्यात पुसून होईल अशी

आमच्या आधीच्या फ्लॅटमध्ये मी ड्राय बाल्कनीसाठी एक तयार कपाट घेतलं होतं. पांढरं, गुळगुळीत, दोन दारांचं. मार्चमध्ये आणलं तेव्हा येणारा-जाणारा दार उघडून कौतुक करायचा. ऑगस्टमध्ये त्याची खालची फळी फुगली, कडेची पट्टी सुटून लोंबायला लागली आणि आतल्या भुशावर साबणाची पावडर बसून असा काही लगदा झाला, की तो खरवडायला उलथनं घ्यावं लागलं. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, पाण्याजवळ ठेवलंत ना?" वॉशिंग मशीनशेजारचं कपाट पाण्यापासून लांब कसं ठेवायचं, ते काही सांगितलं नाही.

त्यानंतर एक घर बदललं, दोन मांडण्या बदलल्या. आता कुणी विचारलं की "कुठलं मटेरियल घेऊ?", तर मी म्हणते, ते नंतर बघू, आधी सांधे मोज. स्टील असो, कडप्पा असो की प्लायवुड, घाण सपाट भागावर राहत नाही. ती कोपऱ्यात, भोकात, दुमडीत आणि स्क्रूच्या डोक्याभोवती राहते. जेवढे सांधे कमी, तेवढं पुसणं सोपं. बाकीचं सगळं या एका गोष्टीच्या मागून येतं.

आपल्याकडे कपडे धुण्याची वेगळी खोली क्वचितच असते. स्वयंपाकघराला लागून तीन-साडेतीन फूट रुंदीची ड्राय बाल्कनी, तीत मशीन, एक नळ, एक नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जायची जाळी), केरसुणी आणि जुन्या वर्तमानपत्रांची थप्पी, हेच आपलं धुणंघर. नावात ड्राय असली तरी पावसाळ्यात घरातली सगळ्यात ओली जागा तीच. हा लेख त्या जागेसाठी आहे.

पहिली पायरी : आत्ता तिथे काय घाण आहे ते बघा

खरेदीला निघण्याआधी सध्याच्या फळीवरून एक पांढरं ओलं फडकं फिरवा आणि फडक्याकडे बघा. तीन गोष्टी दिसतील. एक, साबणाची पावडर. ती हवेतला ओलावा ओढते, म्हणून पावसाळ्यात ती केर राहत नाही, चिकटून खडा होते. दोन, कपड्यांची लव: टॉवेल, सुती चादरी झटकताना उडणारे बारीक तंतू. तीन, द्रव साबणाचे किंवा कंडिशनरचे ओघळ, बाटलीच्या बुडाचं ते निळं गोल वर्तुळ. यातली एकेक गोष्ट सोपी. पण ओघळावर लव बसली आणि वर पावडर पडली, की त्याचं नमद्यासारखं, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखं काहीतरी तयार होतं आणि ते जाळीच्या तारांत किंवा पट्टीच्या भोकांत अडकलं, की दात घासायचा जुना ब्रश घेऊन बसावं लागतं.

बोअरवेलचं पाणी येत असेल तर चौथी गोष्ट धरा: पांढरे क्षारांचे डाग. गुळगुळीत काळ्या किंवा गडद पृष्ठभागावर ते सगळ्यात उठून दिसतात. अशा घरात गडद सनमायका किंवा काळी काच घेणं म्हणजे रोज पुसायची शिक्षा ओढवून घेणं.

मग तिथे ठेवायच्या सगळ्या वस्तू जमिनीवर मांडा. चिमट्यांची टोपली, नीळ, स्टार्च, ब्लीच, फिनेल, घासायचे ब्रश, रेशमी साड्यांसाठी आणलेले रिठे, इस्त्री. अर्ध्या वस्तू टाकून द्यायच्याच निघतील. उरलेल्यांचं वजन धरा. चार किलोची पावडर, दोन-दोन लिटरच्या द्रव साबणाच्या दोन बाटल्या, पाच लिटरचा फिनेलचा कॅन, वर किरकोळ दोन-तीन किलो: एका फळीवर सहज पंधरा-सोळा किलो होतात. त्यात स्टुलावर चढलेलं माणूस तोल सावरायला फळीलाच हात घालतं. म्हणून मी दुप्पट धरते आणि एका फळीला तीस किलो पेललं पाहिजे असं सुताराला सांगते.

दुसरी पायरी : माप

टेप काढा, पण आधी मशीन चालू स्थितीत बघा. फ्रंट लोड मशीन साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ८५ सेंटीमीटर उंच असतं, म्हणजे वरचा माथा पावणेतीन फुटांच्या थोडा वर. खोली मॉडेलप्रमाणे बदलते आणि मागे नळ्यांसाठी तीन-चार इंच सोडावेच लागतात. टॉप लोडचं माप झाकण उघडून घ्यायचं. ही चूक मी डोळ्यांसमोर होताना पाहिली आहे: शेजारच्यांनी मशीनवर छान फळी बसवून घेतली आणि संध्याकाळी कळलं की झाकण तीन बोटं उघडतं.

टॉप लोडवर फळी खोल असेल तर तळातला मोजा काढायला वाकताना कपाळावर बसते. तिथे दहा इंचांपेक्षा जास्त खोली नको. फ्रंट लोडवर एक फूट चालतं. मशीनचा माथा आणि पहिली फळी यांत दीड फूट अंतर ठेवा, म्हणजे मधे बादली राहते, हात जातो आणि माथाही पुसता येतो. मांडणीचा कुठलाही भाग मशीनला टेकता कामा नये. पिळताना मशीन थरथरतं, त्या हादऱ्याने बाटल्या एकेक सूत सरकत कडेला येतात आणि रात्री दोन वाजता फिनेल खाली पडतं. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फर्निचरवाल्याशी बोलताना सेंटीमीटर, सुताराशी बोलताना इंच-सूत, असे दोन्ही आकडे लिहून ठेवा. मधल्या भाषांतरात अर्धा इंच हरवतो.)

आणखी चार जागा मोकळ्या ठेवायच्या. फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यात पंपाच्या फिल्टरचं छोटं दार असतं; त्यासमोर रॅक ठोकून बसवलात तर लव साचून पाणी निघेनासं होईल तेव्हा रॅक उखडावा लागेल. नळाची चावी हाताला आली पाहिजे. पाइप गॅसचा मीटर आणि त्याची चावी, किंवा गॅस गिझर तिथेच असेल, तर त्यांच्या आसपास मांडणीचा विचारच करू नका. गिझरला मोकळी हवा लागते. आणि मशीनच्या प्लगच्या डोक्यावर द्रव पदार्थांची फळी नको. ओघळ कुठे जातो हे सांगायला नको.

जमिनीचा उतारही बघा. ड्राय बाल्कनीची फरशी नहाणी ट्रॅपकडे उतरती असते, त्यामुळे चार पायांचा रॅक तिथे डुगडुगतो. पाय खालीवर करता येणारे हवेत, किंवा मांडणी भिंतीवरच हवी. मला भिंतीवरची जास्त आवडते, कारण खाली काही राहतच नाही. उभा रॅक घ्यायचाच असेल तर सगळ्यात खालची फळी जमिनीपासून किमान सहा इंच वर. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा जुन्या रॅकखाली झाडू घालून दाखवला, तो दांड्यापाशी अडकला. म्हणाल्या, "ताई, इथला केर मी आल्यापासून तिथेच आहे." तुमच्या घरी पुसायचं काम जी व्यक्ती करते, तिला मांडणी घेण्याआधी विचारा. दुकानदारापेक्षा तिला जास्त कळतं.

तिसरी पायरी : भिंत ओळखा

ही पायरी लोक गाळतात. विटांच्या जुन्या भिंतीत रावळप्लग (स्क्रू धरायला भोकात ठोकायची छोटी नळी) आणि स्क्रू चांगले धरतात. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इमारतींत भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात. त्यात साधा प्लग आधी बसतो आणि मग वजनासकट बाहेर येतो. त्या ब्लॉकसाठी वेगळे, लांब आणि रुंद पकड घेणारे प्लग मिळतात, तेच आणायला सांगा. ओळखायचं कसं? न दिसणाऱ्या कोपऱ्यात बारीक भोक पाडून भुकटी बघा. लाल असेल तर वीट. पांढुरकी-करडी आणि ड्रिल लोण्यात जाते तसं जात असेल तर ब्लॉक. ड्रिल किंचाळत असेल तर काँक्रीट. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतींत सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात आणि विजेच्या नळ्या त्यांतच गाडलेल्या असतात. तिथे बिल्डरचा नकाशा पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नका. नळाच्या सरळ वर आणि सरळ बाजूला कुठल्याच भिंतीत भोक पाडू नये, पाण्याचा पाइप बहुधा तिथूनच आलेला असतो.

कोकणात आणि गोव्यात जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा मऊ आणि सच्छिद्र, त्यात प्लग ढिला होतो. मशीनही बहुधा मागच्या पडवीत, पावसाच्या झडीत. तिथे भिंतीवर वजन टांगण्यापेक्षा जमिनीवर उभी राहणारी मांडणी घ्यावी आणि भिंतीला फक्त आधारापुरती बांधावी.

टाइल्स असतील तर भोक पाडताना टाइल संपेपर्यंत ड्रिलचा हातोडा बंद ठेवायला सांगा, नाहीतर तडा जातो. आणि भोक शक्यतो टाइलच्या मधे, दर्जेत (दोन टाइल्समधल्या सांध्यात) नको.

चौथी पायरी : कशाची घ्यायची

आधी नकोत त्या सांगते, म्हणजे यादी लहान होते. भुसा दाबून केलेली पार्टिकल बोर्डची तयार कपाटं: माझी कथा वर वाचलीत. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) त्याच माळेतलं. लोखंडी स्लॉटेड अँगलचा रॅक दणकट असतो, कितीही वजन घेतो, पण त्याच्या प्रत्येक पट्टीला वीतभर अंतरात किती भोकं आहेत ते मोजून बघा. प्रत्येक भोकाच्या काठाला लव अडकते, नटबोल्टच्या मुळाशी गंज धरतो आणि फरशीवर पायांचे तांबडे ठसे उठतात. माळ्यावर ठेवायला तो उत्तम. तारांच्या जाळीचे पांढरे रॅक दिसायला हवेशीर, ओघळ खाली जातो हे खरं, पण जातो कुठे? खालच्या फळीवरच्या टॉवेलवर. शिवाय प्रत्येक तार दुसरीला चिकटते तिथे एक सांधा, आणि एका फळीत असे शंभरेक सांधे. प्लास्टिकचं आवरण एका जागी चिरलं की आतली तार गंजते आणि आवरणाखाली ते दिसतही नाही.

प्लास्टिकचे जोडायचे रॅक भाड्याच्या घरासाठी ठीक. उचलून नळाखाली धरता येतात, ही त्यांची मोठी सोय. पण बाल्कनीत दुपारचं ऊन येत असेल तर दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतात आणि चार किलोची पावडर ठेवली की फळी पोट काढते. घ्यायचा असेल तर सपाट फळीचा घ्या. जाळीदार डिझाइनचा नको.

आता मुद्द्याचं. मराठी घरातली मांडणी म्हणजे कडप्पा, आणि मला वाटतं त्याला आपण फार लवकर जुनाट ठरवून टाकलं. आंध्रातल्या कडप्प्याकडून आलेला हा काळा चुनखडीचा दगड. गंज नाही, फुगणं नाही, वाळवी नाही, एक अखंड फळी. आईच्या घरची कडप्प्याची मांडणी माझ्याहून वयाने मोठी आहे आणि अजून तिच्यावर फडकं मारलं की दोन हातांत काम होतं. घ्यायचा तर दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला घ्या. बहुतेक जण फक्त वरची बाजू करून देतात आणि खालच्या खडबडीत बाजूला जळमटं धरतात. पुढची कड गोल घासून घ्या, तिथे डोकं आपटतं.

पण दोन गोष्टी. एक म्हणजे वजन: तीन फूट लांब, एक फूट खोल, वीस मिलिमीटर जाडीची एक फळी जवळजवळ पंधरा किलोची होते, वर सामान वेगळं. ती स्क्रूवर टांगायची नसते. भिंतीत खाच घेऊन रोवायची किंवा उभ्या कडप्प्यांवर टेकवायची. ब्लॉकच्या भिंतीत खाचेवर भरवसा नको, उभे कडप्पेच घाला. दुसरी म्हणजे आम्ल. चुनखडी असल्यामुळे टॉयलेट क्लीनर, ॲसिड, व्हिनेगर, अगदी लिंबूसुद्धा त्याला खातं. थेंब पडला की बारीक फेस येतो आणि पांढुरका खरबरीत डाग कायमचा बसतो. कोटा दगडाचंही तेच. ग्रॅनाइटला हा त्रास जवळजवळ नाही, म्हणून पैसे असतील तर त्याच जागी ग्रॅनाइट बसवावा. वजन मात्र तेवढंच.

दुसरा माझ्या पसंतीचा पर्याय स्टेनलेस स्टीलचा. इथे बाजारात फसगत जास्त होते. स्वस्त रॅक बहुधा २०२ ग्रेडचे असतात. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्यामुळे दमट जागी तांबूस ठिपके लवकर येतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, घरासाठी तो योग्य. समुद्राजवळ, म्हणजे खारी हवा थेट खिडकीतून येते अशा घरात ३१६ जास्त टिकतो, त्यात मॉलिब्डेनमही असतं. पण महाग पडतो. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि म्हणतो, "बघा, चिकटत नाही, म्हणजे ओरिजिनल." यात काही अर्थ नाही. २०२ आणि ३०४ दोन्ही चुंबकाला फारसे चिकटत नाहीत. तपासायचं द्रावण मिळतं, त्याचा थेंब २०२ वर लालसर होतो. स्क्रॅपवाल्यांकडे आणि बऱ्याच फॅब्रिकेटरकडे ते असतं. तेही नसेल तर बिलावर ग्रेड लिहून घ्या. लिहायला जो का-कू करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

एक बारीक गोष्ट जी मला उशिरा कळली. नव्या कोऱ्या ३०४ च्या फळीवर महिन्याभरात गंजाचे ठिपके आले, तेव्हा मी फॅब्रिकेटरशी भांडायच्या तयारीत होते. त्याने ठिपका घासला, खाली पत्रा स्वच्छ. "ताई, हा पत्र्याचा गंज नाही. पोरांनी लोखंड कापलेल्या चाकानेच घासलंय, लोखंडाची भुकटी बसलीय त्याच्यावर." म्हणून ऑर्डर देतानाच सांगा की स्टीलला वेगळं ग्राइंडिंग चाक वापरा, आर्गन वेल्डिंग करा आणि जोड घासून गुळगुळीत करून द्या. पत्रा १८ गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटरचा असावा. त्याहून पातळ पत्रा वजनाखाली वाजतो आणि दबतो.

प्लायवुड हवं असेल, कारण बाकी स्वयंपाकघराशी रंग जुळवायचा आहे, तर आयएस ७१० (हा भारतीय मानकाचा क्रमांक) छापाचं मरीन प्लायच घ्या. आयएस ३०३ चं साधं प्लाय आतल्या खोल्यांसाठी. पण मी सांगते, प्लाय क्वचितच फसवतं, फसवते ती कड. वरून-खालून सनमायका असतो आणि मागची, भिंतीकडची कड उघडी सोडलेली असते, कारण ती दिसत नाही. पाणी नेमकं तिथूनच शिरतं. चारही कडा, स्क्रूची भोकं आणि पाइपसाठी कापलेली खाचसुद्धा बंद झाली पाहिजे, हे सुताराला दोनदा सांगा. सनमायका चकचकीत नको, खरबरीत नक्षीचाही नको. साधा मॅट, फिक्या रंगाचा. नक्षीच्या रेघांत पावडर बसते.

पीव्हीसी (प्लास्टिकचा) किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळलेला) बोर्ड पाण्याने फुगत नाही, हे त्याचं मोठं भांडवल. पण स्क्रू कमी धरतो आणि लांब फळी वाकते. नखाने दाबून खळगा पडत असेल तर तो बोर्ड फार हलका आहे, परत पाठवा. अठरा मिलिमीटरच्या पीव्हीसी बोर्डला मी दर दीड फुटाला आधार देते, मरीन प्लायला अडीच फुटांपर्यंत चालतं. ॲल्युमिनियमचे सेक्शन हलके आणि गंजत नाहीत, पण साबणाची पावडर अल्कधर्मी असते आणि ओली होऊन ॲल्युमिनियमवर पडून राहिली की ते काळपट पडतं. दारांच्या चौकटीला ठीक, फळीला नको.

पाचवी पायरी : सांधे

आता मी सुरुवातीला म्हटलं तिथे येऊ. मनात ठेवायचा नियम असा: सांधा एक तर पूर्ण बंद करा, नाहीतर बोट आत जाईल एवढा उघडा ठेवा. मधली अवस्था वाईट. फळी आणि भिंत यांच्यात अर्ध्या सेंटीमीटरची फट राहिली, की तीत चिमटा पडतो, पावडर पडते, लव अडकते, झुरळं घर करतात आणि आपलं बोट काही जात नाही. तिथे बुरशीरोधक सिलिकॉन भरून घ्या, किंवा फळी भिंतीपासून सरळ एक इंच पुढे घ्या म्हणजे फडकं फिरतं. मी दगडाला सिलिकॉन आणि स्टीलला मोकळी फट, असं केलंय.

चौकोनी पाइपची तोंडं बंद आहेत का बघा. उघड्या पाइपात पाणी शिरतं आणि पुढच्या वर्षी त्यातून तांबडा ओघळ बाहेर येतो. प्लास्टिकची टोपणं सैल होतात, वेल्डिंगने बंद केलेलं तोंड चांगलं. फळीच्या वरच्या बाजूला एकही स्क्रू नको; सगळे खालून. पुढच्या कडेला काठ उचलून द्यायचा का, यावर आमच्या घरी वाद झाला. काठ असला तर बाटली पडत नाही हे खरं, पण काठाच्या आतल्या काटकोनात सगळी पावडर जमा होते आणि फडक्याने ती बाहेर ओढता येत नाही. मी काठ नाकारला आणि बाटल्यांखाली ताटं ठेवली. जुनी स्टीलची काठवाली ताटं, जी जेवायला कुणी घेत नाही. एका ताटात द्रव साबण आणि कंडिशनर, दुसऱ्यात पावडरचा डबा. आठवड्यातून एकदा ताट उचलायचं, सिंकमध्ये धुवायचं, परत ठेवायचं. फळीपर्यंत ओघळ पोचतच नाही. सगळ्या मांडणीत माझा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात यशस्वी भाग हाच.

दारं लावायची की उघडं ठेवायचं? दारं धूळ अडवतात आणि ओल कोंडतात. बाल्कनीला जाळी किंवा काच असेल, कबुतरं आत येत नसतील, तर खालचे कप्पे उघडे ठेवा. दार फक्त सगळ्यात वरच्या कप्प्याला, तेही औषधं-रसायनांसाठी. ड्रॉवर नकोत. त्यांच्या चॅनेलमध्ये पावडर गेली की ते कुरकुरायला लागतात.

सहावी पायरी : ऑर्डर आणि पैसे देण्याआधीची परीक्षा

कागदावर हाताने चित्र काढा, सुंदर नसलं तरी चालेल. त्यावर फळ्यांची संख्या, लांबी, खोली, दोन फळ्यांमधलं अंतर आणि तुमच्याकडच्या सगळ्यात उंच बाटलीची उंची लिहा. पाच लिटरच्या कॅनला वरून हात घालून उचलायला आणखी चार इंच लागतात, ते धरा. अंतरं सगळी सारखी करायचा मोह टाळा. एक कप्पा कॅनसाठी उंच, एक नीळ-ब्रश-चिमट्यांसाठी बुटका.

बसवून झाल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी तीन गोष्टी करा. ओलं फडकं फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका ओढीत न्या. कुठे अडकलं, कुठे धागा सुटला, ती जागा घासून द्यायला लावा. मग अर्धा तांब्या पाणी फळीवर ओता आणि पाणी कुठे थांबतं ते बघा. मधे तळं साचलं तर फळी दबलेली आहे. भिंतीकडे पळालं तर ती मागे झुकली आहे. शेवटी मशीन रिकामं पिळायला लावा आणि फळीवर पाण्याने भरलेला पेला ठेवा. पेल्यातलं पाणी थरथरलं तर ठीक, पेला चालायला लागला तर मांडणी कुठेतरी मशीनला टेकते आहे.

लावताना

टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एका फळीवर ठेवू नका. बाजारातल्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट; दोन्ही एकत्र सांडले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद काचेच्या बाल्कनीत तो जीवावर बेतू शकतो. मी टॉयलेट क्लीनर बाथरूममध्येच ठेवते, त्यामुळे प्रश्नच उरला नाही. कडप्पाही वाचला. ब्लीच सगळ्यात वर, पाच फुटांच्या पुढे, दाराच्या आत, झाकण घट्ट. त्याच्या वाफेने स्टीलही काळवंडतं, म्हणून बाटली प्लास्टिकच्या डब्यात. घरात लहान मूल असेल तर कपडे धुण्याच्या साबणाच्या रंगीत कॅप्सूल आणि पॉड्सही तिथेच, ती गोळ्या-चॉकलेटसारखी दिसतात. वजनदार कॅन मात्र खाली, कमरेच्या उंचीला.

नीळ वेगळ्या बाटलीत, वेगळ्या ताटलीत. नीळ सांडली तर आधी कोरड्या कागदाने टिपून घ्या. ओलं फडकं मारलंत की एक थेंब सगळ्या फळीभर पसरतो आणि टाइल्सच्या दर्जांत कायमचा राहतो. पावडर पिशवीतून वापरू नका, रुंद तोंडाच्या झाकणाच्या डब्यात ओता आणि चमचा आतच राहू द्या.

पुसण्याचं वेळापत्रक माझं साधं आहे. आठवड्याला ताटं, पंधरवड्याला फळ्या, आणि पावसाळ्यात आधी कोरडं फडकं, मग ओलं, मग परत कोरडं. आधीच ओलं मारलं की पावडरचा चिखल होतो. क्षारांचे डाग स्टीलवर पडले तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन काढा. कडप्प्यावर तोच प्रयोग चुकूनही नको, तिथे फक्त साबणाचं पाणी. स्टीलवर तारेची घासणी चालवू नका, तिचे तुकडे मागे राहून गंजतात. नायलॉनची घासणी पुरते. दिवाळीच्या साफसफाईत एकदा सगळं खाली उतरवून भिंतीतले स्क्रू हाताने हलवून बघायचे. मागच्या वर्षी माझा डावीकडचा वरचा प्लग अर्धा सूत ढिला निघाला, त्याच दिवशी बदलून घेतला.